छापून आणलेली बातमी

दैवशालाच्या टोळीचा लॉट आजवर कधी फेल गेला नव्हता. राजूरच्या आसपास ज्या गावांत टोमॅटो-मिरचीचं बियाणं तयार करायला हिरव्या जाळीच्या शेड उभ्या आहेत, तिथे एवढं सांगितलं की तिची दुसरी ओळख करून द्यावी लागत नसे. काम दिसायला हलकं. दुपारी तीननंतर उद्या उमलेल अशी कळी हेरायची, चिमट्यानं ती उघडायची, आतले पुंकेसर अलगद काढायचे आणि मधल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, वेगळ्या जातीच्या झाडाचे पराग त्या कळीला लावायचे. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एक कळी जरी नजरेतून सुटली आणि स्वतःच्याच परागावर फळली, तरी बी भेसळीचं होतं. कंपनी नमुन्याचं बी पेरून बघते, आणि भेसळ निघाली की अख्ख्या शेडचं बी परत येतं. दैवशालाच्या हाताखाली अठरा बायका होत्या. प्रत्येकीच्या ओळीतून ती संध्याकाळी स्वतः फिरायची. सुटलेली कळी तिला पाच पावलांवरून दिसायची.

ती चव्वेचाळीस वर्षांची, चौथी शिकलेली. नवरा कचरू जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी. मुलगी एकच, शिवकन्या. ती वीस वर्षांची होती आणि रोज बसनं जालन्याच्या कॉलेजात जायची, बी.ए.चं दुसरं वर्ष.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. फरहाना मॅडमनी वर्गाला एक काम दिलं होतं. मोबाइलवर जो विकिपीडिया नावाचा ज्ञानकोश असतो आणि ज्यात कुणालाही भर घालता येते, त्यातला एखादा मराठी लेख निवडायचा आणि महिनाभरात तो सुधारायचा. वीस गुण होते. लेख कोणता घेतला ते पुढच्या शनिवारपर्यंत सांगायचं होतं, आणि शिवकन्येचं घोडं तिथेच अडलं होतं.

"आपल्या गावाचा घेतला तर मॅडम न्हाई म्हणल्या," जेवताना ती म्हणाली.

"काहून? गावानं काय केलं त्यांचं?"

"गावाबद्दल छापील काहीच न्हाई, माय. जनगणनेचा तक्ता हाय तेवढा. आपण जे लिहू ते कुठंतरी आधी छापलेलं पाहिजे."

"मंग राजूरचा गणपती घे."

"त्याच्यावर वर्गातल्या सहा जणींनी नाव घातलंय. मॅडम म्हणतात, जिथं आधीच गर्दी हाय तिथं नवख्यानं हात घालू नये."

"मंग त्याचा उंदीर घे," दैवशाला म्हणाली. शिवकन्येला हसू आलं, पण थोडंच.

दोन दिवसांनी तिनं स्वतःच विषय शोधला. संकरित बियाण्यावरचा लेख अगदी त्रोटक होता. शास्त्राचं चार ओळीत आटोपलेलं, पण ते बी तयार कोण करतं, कसं करतं, याचा शब्द नाही. तिनं आईला वाचून दाखवलं. दैवशालानं पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे बी काय आभाळातून पडतं का?" ती म्हणाली. "घे वही. मी सांगते."

तीन दिवस ती सांगत होती. कळीचा रंग कसा ओळखायचा, पराग रात्रभर दिव्याखाली कसे वाळवायचे, बोटातल्या प्लॅस्टिकच्या अंगठीच्या वाटीत ते किती घ्यायचे, पावसाची झड आली तर काय करायचं. शिवकन्येची अकरा पानं भरली. आपल्याला एवढं येतं हे दैवशालालाही ते ऐकताना नव्यानं कळलं. मंगळवारी शिवकन्या वही घेऊन कॉलेजात गेली आणि तशीच परत आली.

"मॅडम म्हणल्या, सुंदर हाय. पण आई सांगते हा संदर्भ होत न्हाई. छापून आलेलं पाहिजे."

"छापून?"

"हं. पुस्तकात, न्हाईतर पेपरात."

मजूर कमी पडले की दुसऱ्या गावाहून टेम्पो आणायचा, शेडवाल्याचं पाणी बंद पडलं की टँकर सांगायचा, ही दैवशालाची रोजची कामं. छापून पाहिजे तर छापून आणायचं, यात तिला अवघड काही दिसलं नाही. बुधवारी सकाळचं काम आटोपून ती राजूरला गेली. तिथे झेरॉक्सच्या दुकानात कल्याण बसतो. तो जालन्याच्या एका छोट्या दैनिकाचा वार्ताहरही आहे. वाढदिवस, सत्कार, हरवलेली म्हैस, सगळं तो छापून आणतो.

"मावशी, तुमच्यावर तर मी कधीचा लिहिणार होतो," कल्याण म्हणाला आणि मोबाइल पुढे धरून प्रश्न विचारू लागला. किती वर्षं करता? दिवसाला किती कळ्या? कुणाला शिकवलं?

"लई जणींना शिकवलं. पण माझ्या शिवकन्येसारखा हात कुणाचा बसला न्हाई. नऊ वर्षांची होती तवाच बसला. दोन हंगाम माझ्या शेजारची ओळ तिनं एकटीनं काढली. एका कळीत भेसळ न्हाई."

"वा. हे घेतो मी वर," कल्याण म्हणाला.

गुरुवारी बातमी आली. मथळा मोठा होता: 'मायलेकींच्या बोटांत जादू! नवव्या वर्षीच गिरवले क्रॉसिंगचे धडे'. शेडच्या दारात उभ्या असलेल्या दैवशालाचा फोटो. दारावरची पाटीही फोटोत आली होती, चौदा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही अशी. ती पाटी तिथे बारा वर्षं होती. तिच्याकडे बघून बघून कुणालाच ती दिसेनाशी झाली होती.

दैवशालानं चार प्रती घेतल्या. शुक्रवारी सकाळची टोळी तिनं टोळीतल्या, शेजारीच राहणाऱ्या नंदाबाईवर सोपवली आणि मुलीबरोबर कॉलेजात गेली.

फरहाना मॅडमनी तिला खुर्ची दिली. बातमी वाचली, आणि मधल्या परिच्छेदावर त्या थांबल्या.

"ताई, ही बातमी कुणी छापली?"

"मीच छापून आणली. आमच्या ओळखीचाच हाय तो."

मॅडमना हसू येत होतं. त्यांनी ते आवरलं. "असं चालत नाही हो. आपणच आपल्याबद्दल सांगून छापून आणलं तर तो पुरावा राहत नाही. ज्याचा त्यात काही संबंध नाही अशानं लिहिलेलं लागतं." मग त्यांनी बोट त्या परिच्छेदावर ठेवलं. "हे नऊ वर्षांचं खरं आहे?"

"बिलकुल खरं. इचारा हिला."

शिवकन्या खिडकीबाहेर बघत होती. मॅडमनी तिला विचारलं नाही. त्या आत जाऊन ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणि एक पातळ अहवाल घेऊन आल्या. "विषय योग्य आहे," त्या म्हणाल्या. "मी शोधलं काल. पुस्तकांत पद्धत दिली आहे, थोडी का होईना. आणि हा अहवाल एका संस्थेनं चार जिल्ह्यांत फिरून केलाय. शिवकन्या, हे सगळं आधी वाच. फॉर्मवर एक रकाना आहे, या विषयाशी तुमचा वैयक्तिक संबंध आहे का असा. तो खरा भर, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही. उद्या बारापर्यंत दे."

परतीच्या बसमध्ये शिवकन्या अहवाल वाचत होती. दैवशालाला राहवेना.

"काय लिवलंय? वाच ना जरा."

"निमुळत्या बोटांमुळे या कामासाठी लहान मुलींना पसंती दिली जाते."

"बराबर लिवलंय. मोठ्या बाईच्या हातानं कळी चेमटते."

"हंगामाच्या दोन-तीन महिन्यांत या मुली अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस शाळेत गैरहजर असतात. अनेक ठिकाणी त्यांना कामावर आणणारी व्यक्ती आईच असते." शिवकन्येनं पान उलटलं. पुढचं तिनं मनात वाचलं.

दैवशाला समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिली. तिनं मुलीला कामावर नेलं होतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. कचरू कारखान्यात, घरी दुसरं कुणी नाही, पोरगी एकटी राहण्यापेक्षा डोळ्यांसमोर बरी, असं तिनं शेजारच्या ओळीत उभं केलं होतं. हात चांगला होता म्हणून ती राहिली. याला त्या अहवालात दुसरं नाव होतं, आणि ते छापलेलं होतं.

घरी पोचल्या तेव्हा ओट्यावर राधेश्यामशेठ बसले होते. बियाण्याच्या कंपनीसाठी गावोगावच्या शेड ठरवून देणारे ऑर्गनायझर. पंधरा वर्षांचा संबंध. नंदाबाईनं त्यांना पाणी दिलं होतं, चहा अजून व्हायचा होता.

"काय दैवशालाबाई, पेपरात गेल्त्या म्हणं. आता आमच्यासारख्याला ओळख द्याल का न्हाई?"

"काय शेठ तुमचं. चहा टाकते."

"चहा नंतर." त्यांनी मोबाइल काढला. बातमीचा फोटो होता. "गावात पेपर वाचणारे दहा जण हायेत. त्याची मला फिकीर न्हाई. पण हा फोटो मोबाइलवर फिरला. फिरत फिरत कंपनीच्या साहेबाकडं गेला. सकाळी मला फोन. म्हणले, तुमच्या मुकादमाच्या शेडमध्ये नऊ वर्षांची पोर काम करते आणि मुकादमबाई पाटीखाली उभी राहून सांगते."

"आता कोण करतंय? अकरा वर्षं झाली त्याला."

"बातमीत अकरा वर्षं कुठं लिवलंय? आणि लिवलं असतं तरी काय फरक पडला असता? कंपनीचा नियम कडक हाय. तपासणीवाले आले तर शेड बंद. नुसती तुमची न्हाई, गावातल्या चारही. ऐन क्रॉसिंगमध्ये."

नंदाबाई दारात उभी राहून ऐकत होती. दिवाळीपर्यंतचं काम. अठरा बायका. दैवशालाला प्रत्येकीचं नाव घेऊन सांगता आलं असतं की त्या कामावर तिचं काय काय अवलंबून आहे.

"मंग काय करू मी?"

"एक कागद लिहून द्या. बातमीत छापलं ते चुकीचं हाय, मी असं बोलले न्हाई, माझी मुलगी लहानपणी शेडमध्ये कधी आली न्हाई. सही करा. मी साहेबाला पाठवतो, मिटलं. मी काय तुमचा दुश्मन हाय का?"

"पण खरं हाय ते," शिवकन्या म्हणाली.

"खरं-खोटं मी इचारलंच न्हाई, बेटा." त्यांचा आवाज मऊ होता. "इचारायची वेळ पण न्हाई. तुझं अक्षर चांगलं हाय. तूच लिही. तुझ्या मायला तास लागंल."

शिवकन्येनं आईकडे बघितलं. दैवशालानं नाही म्हणावं म्हणून ती थांबली होती, हे दैवशालाला दिसत होतं. नंदाबाईही बघत होती. दैवशाला म्हणाली, "लिही."

शिवकन्येनं वहीचं मागचं पान फाडलं. शेठ सांगत गेले, ती लिहीत गेली. तिचं अक्षर खरंच चांगलं आहे, सरळ आणि मोकळं. कुठे खाडाखोड झाली नाही.

"वाचून दाखव एकदा," शेठ म्हणाले.

तिनं वाचलं. "माझी मुलगी शिवकन्या ही लहानपणी शेडनेटमध्ये कधीही कामास आलेली नाही. ती नियमित शाळेत जात होती." सरकारी फॉर्म वाचावा तसा तिचा आवाज होता. दैवशालानं पेन घेतलं आणि सही केली. सही करायला तिला नेहमीच वेळ लागतो. त्या दिवशी ती भरकन झाली.

शेठनी कागदाचा फोटो काढला, तो तिथल्या तिथे पाठवला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. चहा न घेताच ते गेले. नंदाबाई म्हणाली, "बरं झालं बाई," आणि तीही गेली. शिवकन्या अहवाल आणि पुस्तकं पिशवीत भरत होती.

शनिवारी दैवशालाच्या ओळीत दोन कळ्या सुटल्या. उमलून गेल्या होत्या, तिनं खुडून टाकल्या. नंदाबाईनं बघितलं. त्या टोळीत दैवशालाची सुटलेली कळी कुणी पहिल्यांदाच बघत होतं.

शिवकन्या दुपारी आली.

"दिला का फॉर्म?"

"दिला."

"बियाण्याचाच ना?"

"न्हाई. शेवग्याचा घेतला."

"शेवगा?" दैवशाला उभीच राहिली. "शेवग्यात काय हाय?"

"लेख लहान हाय. ग्रंथालयात तीन पुस्तकं हायेत. कुणाचं भांडण न्हाई. मॅडमना पाहिजे तसा सगळा बराबर हाय."

"मॅडम तर म्हणल्या होत्या, आपला विषय चांगला हाय म्हणून."

"म्हणल्या होत्या." शिवकन्या चपला काढत होती. "त्या रकान्यात काय लिहायचं होतं, माय? संबंध हाय म्हणलं तर कागद खोटा. संबंध न्हाई म्हणलं तर फॉर्म खोटा. काल एक खोटं लिहिलं. आज परत लिहायचं न्हवतं."

"मॅडमनी इचारलं न्हाई काही?"

"इचारलं. मी म्हणलं, मला शेवगा आवडतो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि सही केली."

रविवारी सकाळचं काम संपवून दैवशाला साडेअकराला राधेश्यामशेठकडे गेली आणि कागद परत मागितला. शेठ देव्हाऱ्यासमोरून उठून आले. कागद घ्या, ते म्हणाले, पण फोटो कधीच गेला, आता तो साहेबाच्या फाइलीत. कागद नेऊन काय करणार? तिनं तरीही घेतला. रस्त्यात तो उघडून वाचायचा प्रयत्न केला. चष्मा घरी राहिला होता.

बस मिळून घरी पोचेपर्यंत अडीच वाजले. शिवकन्या पडवीत सतरंजीवर पुस्तकं पसरून बसली होती. शेवग्याच्या पानांत किती लोह असतं ते वहीत उतरवून घेत होती. दैवशाला तिच्याजवळ बसली. कागद तिनं मध्ये ठेवला. शिवकन्येनं तो ओळखला आणि हात लावला नाही.

"मी तुला कधी इचारलं न्हाई," दैवशाला म्हणाली. "तवा तुला कसं व्हायचं ते."

"आता कशाला?"

"इचारून राह्यली ना मी."

शिवकन्येनं पेनचं टोपण लावलं, काढलं. "मला आवडायचं," ती म्हणाली. "तू सगळ्या बायकांपुढं म्हणायचीस, हिच्या कळीत भेसळ निघत न्हाई. शाळेत मला कुणी असं कधी म्हणलं न्हाई. मी शाळेत जायचे ती बारानंतर. मागं बसायचे. हात हिरवेकाळे झालेले असायचे, साबणानं जायचे न्हाईत. दप्तराखाली ठेवायचे."

"बाई रागवायच्या?"

"न्हाई. आम्ही सात-आठ जणी तशाच यायचो. बाई काही म्हणायच्या न्हाईत. हजेरी आधीच मांडलेली असायची." ती थांबली. "तिसरीत त्या दोन महिन्यांत पाढे झाले. तेरापासून वीसपर्यंत. मला ते अजून येत न्हाईत. मोबाइलवर करते. वर्गात कुणाला माहीत न्हाई."

दैवशालाला हे माहीत नव्हतं. किराणा आणायला मुलगी जायची, हिशेब बरोबर यायचा. तो ती मोबाइलवर करत होती.

"तेरापासून?"

"तेरापासून."

तीन वाजायला आले होते. रस्त्यावरून टोळीतल्या बायका डोक्याला फडकी बांधून शेडकडे निघाल्या होत्या. नंदाबाई फाटकाशी थांबली आणि तिनं हाक मारली. कळ्या आत्ता धरल्या नाहीत तर उद्या सकाळी उमलून जातील, हे मायलेकींनाही माहीत होतं.

"तुम्ही व्हा पुढं," दैवशालानं बसल्या जागेवरून सांगितलं.

नंदाबाई जराशी घुटमळली आणि गेली. दैवशाला शिवकन्येकडे वळली.

"मंग? आणखी काय व्हायचं?"